शुक्राचं तळं

माझं डोकं लवकर तापतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी बोलायला नको. त्या बुधवारी ते बाराच्या ठोक्याला तापलं, कारण कंपनीच्या हार्दिकने आमच्या दुकानाच्या जमिनीवर एक डबी ठेवली, डबीवरचा आकडा वाचला आणि सामान परत बॅगेत भरायला घेतलं.

“काय झालं?”

“मॅडम, जमीन उतरती आहे. इथे नाय होणार.”

नाय होणार! दोन महिने मी या दिवसाची वाट बघत होते.

मी निर्मला. तलासरीला हायवेला लागून विनोदभाईंचं दुकान आहे, तिथे गाड्यांच्या काचा बसवते. आयटीआय केलंय. ट्रकच्या चाकाखालून उडणारे दगड आम्हाला कधी उपाशी ठेवत नाहीत. पण २०१९ साल लागायच्या जरा आधीपासून दुकानात कधीमधी नव्या तऱ्हेची गाडी यायला लागली. पुढच्या काचेला आतून, आरशाच्या मागे, बारकासा कॅमेरा. तो रस्त्यावरचे पट्टे बघतो, पुढची गाडी बघतो आणि वेळ आली तर ड्रायव्हरच्या आधी स्वतः ब्रेक मारतो. काच बदलली की त्याची नजर हलते. इथे नखाएवढी हलली तरी पुढे शंभर मीटरवर त्याला शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्याच पुढ्यात दिसतो. म्हणून त्याला परत शिकवायचं. गाडीसमोर मोजून मापून काळ्यापांढऱ्या चौकटींचा बोर्ड उभा करायचा, लॅपटॉप जोडायचा, आणि कॅमेऱ्याने बोर्ड बरोबर ओळखला की झालं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. पण गाडी आणि बोर्ड एकाच सपाट जमिनीवर पाहिजेत, नाहीतर सगळं शिकवणं वाकडं.

हे बोर्ड-लॅपटॉपचं मशीन कंपनी मनोर ते वापीच्या मधे एकाच दुकानाला देणार होती. दुपारी आमची परीक्षा, चार वाजता वापीच्या दुकानाची. आमच्याकडे गाडी पास झाली तर मशीन तलासरीला, आणि ते चालवणार मी. विनोदभाईंनी शब्द दिला होता. नापास झाली तर काचेचं काम बंद करून टायर ठेवायचे, हेही त्यांनी सांगितलं होतं. टायरच्या दुकानात माझं काय काम? मोबाइलवर बघून बघून मी अख्खी वही भरली होती. रात्री झोपेत बोर्ड लावायचे, असं आई सांगते.

“दीड अंश उतार आहे,” हार्दिक म्हणाला. “अर्ध्याच्या आत पाहिजे.”

“उतार असणारच! कोबा घातला की ढाळ देतातच. नाहीतर पावसाळ्यात पाणी जाणार कुठे, तुमच्या बॅगेत?”

“नाचता येईना अंगण वाकडं,” विनोदभाई पुटपुटले.

“अहो, अंगण खरंच वाकडं आहे!” मी ओरडले.

परीक्षेला लावलेल्या गाडीच्या मालकीणबाई, रूपलबेन, खुर्चीत बसून हे ऐकत होत्या. घोलवडला त्यांची चिकूची वाडी. आदल्या दिवशी मीच त्यांच्या गाडीला नवी काच बसवली होती. त्या हसल्या. “घ्या. तुम्हाला ढाळ आहे म्हणून रडू, आणि मला नाही म्हणून. आमच्या पॅकिंग शेडमध्ये चिकू धुतात, ते पाणी जागचं हलत नाही. सासऱ्यांच्या वेळचा कोबा आहे. येत्या रविवारी ब्रेकर लावून फोडतेय.”

मी त्यांच्या खुर्चीजवळ गेले. “पाणी कुठल्या बाजूला साचतं, रूपलबेन?”

“बाजू कसली? सगळीकडे सारखंच. म्हणून तर सगळे त्याला…”

“शुक्राचं तळं म्हणतात,” मी म्हणाले.

“तुला कसं माहीत?”

मला माहीत नसेल तर कोणाला असेल? शुक्रा म्हणजे माझा बा. मी अकरा वर्षांची असताना त्याने तो कोबा घातला. तेव्हा तो मिस्त्री होता. त्या कोब्यावर पाणी साचलं, बागवाल्या शेठने, म्हणजे रूपलबेनच्या सासऱ्यांनी, चार माणसांत त्याला झाडलं, आणि गावभर नाव झालं. त्यानंतर कोणी बाला थापी हातात धरू दिली नाही. पंधरा वर्षं तो दुसऱ्यांच्या हाताखाली सिमेंटच्या पाट्या वाहतो. घरी येऊन तो एवढंच म्हणाला होता, “शेठनेच सपाट सांगितलं.” ते मी घट्ट धरून ठेवलं. पाचवीत वर्गातला लडक्या मला “तळ्याची मासळी” म्हणाला, तेव्हा मी त्याचा दात पाडला. खोटं नाही सांगत, पुढचा.

पण हे सगळं सांगत बसायला वेळ कुठे होता? “हार्दिक, बॅग उचला,” मी म्हणाले. “विनोदभाई, दुकान सांभाळा. रूपलबेन, चला तुमच्या शेडवर!”

“अगं पण…”

“पण नाही आणि बीण नाही!”

आमचा पाडा वाटेवरच लागतो. बा दाराशी विळ्याला धार लावत बसला होता. मी खिडकीतून हाक मारली, “बा, ओळंबा घे, दोरी घे आणि बस गाडीत. घोलवडला जायचंय. शेडवर.”

शेड म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. पंधरा वर्षांत त्याने तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. “मी नाय येत. आणि आता काय राहिलंय तिथे? तीन महिने जमीन हलतेय. खचला असेल कोबा.”

ते मात्र खरं होतं. नोव्हेंबरपासून आमच्याकडे भूकंपाचे धक्के बसत होते. भिंती तडकल्या होत्या, कितीतरी लोक अंगणात ताडपत्रीखाली झोपत होते. पण मी दार उघडलं आणि त्याला हाताला धरून आत बसवलं.

“हे कोण?” रूपलबेनने आरशातून विचारलं.

“माझा बा. शुक्रा.”

त्यांनी करकचून ब्रेक मारला. कॅमेऱ्याची गरजच पडली नाही. “तळंवाला?”

बाने मान खाली घातली. मी म्हटलं, “हां, तळंवाला. गाडी चालवा, सव्वा वाजला!”

शेडमध्ये कामाला असलेली जमना आणि तिच्या बरोबरच्या बाया चिकू निवडून खोक्यांत भरत होत्या. आम्ही खोकी बाजूला लावली, झाडू मारला, गाडी आत घेतली. हार्दिकने पहिल्या कोपऱ्यात डबी ठेवली.

“शून्य पूर्णांक एक.”

दुसरा कोपरा. “शून्य.” तिसरा. “शून्य!” त्याचा आवाज चढला. चौथा. “पॉइंट एक! मॅडम, हे काय आहे? पुण्याच्या ट्रेनिंग सेंटरलापण असा फ्लोअर नाय!”

मी उडीच मारली. जमनाला काही कळलं नव्हतं, तरी तिनेही मारली. बा तेवढा कोबा न्याहाळत उभा. अनवाणी, पाय रोवून. त्याचा काही डबीवर विश्वास बसेना. “तिला काय कळतं? जमीन हलली आहे,” असं म्हणत त्याने कोपऱ्यातली बादली उचलली, आणि मी नको नको म्हणेपर्यंत गाडीच्या पुढ्यात ओतली. “पाणी खोटं बोलत नाय.”

पाणी पसरलं. गोल, भाकरीसारखं. पसरत पसरत थांबलं आणि कुठल्याही बाजूला इंचभर सरकलं नाही.

“नाय खचला,” बा हळूच म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, “नाय खचला गं पोरी!”

मग आमची जी धांदल उडाली! गाडीचा मध्य काढायला बाने पुढे-मागे ओळंबा सोडला, मी खडूने खुणा केल्या, दोघांनी दोरी ताणली. हार्दिक टेप धरून आकडे ओरडत होता, मी वहीत बघून “बरोबर, बरोबर” म्हणत होते. चाकांची हवा तपासली, वजनाने गाडी मागे कलायला नको म्हणून डिकीतली दोन खोकी उतरवली. बोर्ड उभा राहिला. हार्दिकने लॅपटॉप माझ्या हातात दिला. “तुम्हीच दाबा.”

मी दाबलं. दहा टक्के. पंचवीस. चाळीस. बायांनी चिकू सोडून माझ्या खांद्यामागे गर्दी केली. चौसष्ट. चौसष्ट. चौसष्ट. आणि लाल फुली.

परत दाबलं. परत चौसष्ट, परत फुली.

“पावणेतीन झाले,” हार्दिक म्हणाला. “सव्वातीनला मला निघायलाच पाहिजे, मॅडम. वापीला टाइलचा फ्लोअर आहे म्हणतात.”

मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. बाने माझ्याकडे बघितलं आणि तो मागे मागे सरकून भिंतीला टेकला. त्याला वाटलं, परत त्याचाच कोबा. ते बघून मी आणखी चिडले. “कोबा बरोबर आहे!” मी ओरडले. “आकडे बरोबर आहेत! मग या मेल्या कॅमेऱ्याला दिसतंय काय?”

बोलले आणि माझंच मला वाटलं, खरंच, दिसतंय काय? मी गाडीत जाऊन बसले, मान वर ताणली, डोळे कॅमेऱ्याजवळ नेले आणि त्याच्यासारखं समोर बघितलं.

दोन बोर्ड! एक उभा, आणि एक त्याच्याखाली उलटा लटकलेला. बाने ओतलेलं पाणी जिथल्या तिथे पडलं होतं आणि त्यात अख्खा बोर्ड चौकटींसकट उमटला होता. बिचाऱ्या कॅमेऱ्याने कुठला खरा मानायचा?

“पाणी!” मी दार ढकलून बाहेर पडले. “पाणी काढा! पुसा!”

“खराट्याने लोट,” रूपलबेन म्हणाल्या.

“लोटून जाईल कुठे? ढाळ कुठाय?”

मग जमना खो खो हसत सुटली आणि तिने गोणपाट ओढलं. बाया गोणपाटं घेऊन बसल्या, मी काचा पुसायची फडकी काढली, हार्दिक पॅकिंगचे कागद टाकत होता. रूपलबेनने पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली आणि त्याही बसल्या. बा भिंतीपासून हलला, अंगातला सदरा काढला आणि तोच घेऊन कोबा पुसायला लागला. आपल्या चुकीचं पाणी आपल्याच सदऱ्याने! टिपायचं, पिळायचं, परत टिपायचं. शेवटी जमनाने टेबलफॅन आणून खाली लावला. तीन वाजून पाच मिनिटांनी कोबा कोरडा ठणठणीत झाला.

“दाबा,” हार्दिक म्हणाला.

मी दाबलं. चाळीस. साठ. चौसष्ट. बाया देव पाण्यात घालून बसल्या. पासष्ट! सत्तर, नव्वद, शंभर. हिरवी खूण.

काय ओरडलो आम्ही! जमनाने मला उचललं. रूपलबेन बायांना चिकू वाटत सुटल्या, बायांनीच भरलेल्या खोक्यांतले. हार्दिकने तिथेच वापीला फोन लावला, “आज येत नाय,” म्हणून सांगितलं आणि फॉर्म भरायला घेतला.

“मशीन तलासरीला,” तो म्हणाला. “पण दुकानात असा फ्लोअर करून घ्यायचा, तरच. हा ज्या मिस्त्रींनी केला त्यांनाच बोलवा. नाव काय त्यांचं?”

“शुक्रा मिस्त्री,” रूपलबेन म्हणाल्या आणि बाच्याकडे बोट दाखवलं.

बाने मागे वळून बघितलं, कोणाला म्हणतात म्हणून. मागे भिंत होती. मला इतकं भरून आलं की मी खाली वाकून उगाच दोरी गुंडाळायला लागले.

“काका, एक विचारू?” रूपलबेन म्हणाल्या. “आमचे सासरे जाईपर्यंत म्हणायचे, मी ढाळ सांगितला होता. खरं काय?”

मी ताठ झाले. आता बोल, म्हटलं. शेठनेच सपाट सांगितलं, असं ठणकावून सांग सगळ्यांसमोर.

बा ओला सदरा पिळत होता. “शेठ खरं बोलले,” तो म्हणाला. “ढाळ सांगितला होता. मीच विसरलो. पाण्याची नळी तेव्हा नवीन घेतली होती मी, लेव्हल बघायची. दोन्ही टोकांना पाणी सारखं आलं की असं बरं वाटायचं… त्या नादात सगळा कोबा लावला. पाऊस पडल्यावर आठवलं.”

“बा!” माझं डोकं ताडकन तापलं. “पंधरा वर्षं मी जगाशी भांडले! लडक्याचा दात पाडला मी तुझ्यापायी!”

“माहीत आहे,” बा म्हणाला. “म्हणून तर सांगता येईना.”

माझा राग कुठे गेला ते मला अजून कळलेलं नाही.

रविवारी ब्रेकर घोलवडला गेला नाही. तो तलासरीला आमच्या दुकानात आला आणि त्याने विनोदभाईंचं वाकडं अंगण फोडलं. सोमवारी बा थापी घेऊन गुडघ्यांवर बसला. कानामागे पेन्सिल, हातात नवी नळी, आणि सिमेंटच्या पाट्या वाहायला दोन माणसं त्याच्या हाताखाली. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना सारखं आलं, आणि तो स्वतःशीच हसला.

“मिस्त्री,” मी दारातून मुद्दाम विचारलं, “ढाळ?”

बाने वर बघितलंसुद्धा नाही.

“विसरलो,” तो म्हणाला.