किल्लीला हात लावू नये

गुलनाजचा राग एका दिवसातला नव्हता. पण उतू गेला तो गुरुवारी सकाळी, कुसगावातल्या तिच्या अंगणात.

गाडी तिच्या नवऱ्याची, नसीरची. वीस वर्षं त्याने लोणावळ्याच्या हॉटेलांतले पाहुणे फिरवले. मणक्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं, तेव्हा गुलनाजने लायसन्स काढलं. त्याला तीन वर्षं झाली. तरी गाडीचं काही विचारायचं झालं की लोक नसीरलाच विचारत, आणि नसीरही खुशाल उत्तरं देई.

मागच्या रविवारी ती एका म्हाताऱ्या जोडप्याला लोहगडवाडीच्या पलीकडे एका बंगल्यावर सोडायला निघाली होती. डोंगराआड मोबाइलची रेंज जाते, म्हणून तिकडे गाडीतलाच नकाशा कामाचा. पण तो सहा वर्षांपूर्वीचा. त्याने दाखवलेल्या रस्त्यावर आता कुठल्याशा बंगला-स्कीमचं फाटक उभं होतं. रखवालदाराने लांबूनच हात हलवून हाकललं. उतारावर, दगडधोंड्यांत ती गाडी वळवत होती, तेव्हा मागून आजोबा म्हणाले, "बाई, तुम्ही इथल्याच ना?"

गुलनाजचं माहेर टाकवे बुद्रुक. सगळा जन्म मावळात गेला. दर मोसमाला एक रस्ता नवा निघतो नि एक बंद होतो, हा काय तिचा गुन्हा? पण गिऱ्हाइकापुढे काय बोलणार. दातओठ खात तिने गाडी वळवली.

सोमवारी ती सर्व्हिस सेंटरला गेली. टेबलामागचा माणूस मानही वर न करता म्हणाला, "मॅडम, मिस्टरांना पाठवा. त्यांना समजावून सांगतो."

"गाडी मी चालवते. मला सांगा."

"टेक्निकल असतं हो ते."

ती तडक उठली. ज्या हॉटेलच्या पाहुण्यांची ती ने-आण करायची, तिथे रिसेप्शनवर कोमल होती. तिने दुपारच्या रिकाम्या वेळी कॉम्प्युटर दिला. कंपनीच्या साइटवर चॅसी नंबर टाकला, तशी नव्या नकाशाची फाइल सापडली. ती उतरवून घ्यायला दोन दुपारी गेल्या. पेनड्राइव्ह गाडीला लावला, तर गाडी त्याला ओळखेच ना. गुलनाजने सूचना पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. पेनड्राइव्ह आधी फॉरमॅट करायचा होता, आणि नकाशाचं फोल्डर दुसऱ्या फोल्डरात न घालता जसंच्या तसं ठेवायचं होतं. बस्स, एवढंच.

गुरुवारी अकराला त्याच बंगल्यावर पाहुणे न्यायचे होते. नऊलाच तिने इंजिन चालू करून पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर आलं: एक तास लागेल, इंजिन बंद करू नका. तिने कागदावर ठसठशीत लिहिलं, 'किल्लीला हात लावू नये', तो स्टिअरिंगला चिकटवला आणि भाकऱ्या थापायला आत गेली. मधे एकदा येऊन पाहिलं तर ब्याऐंशी टक्के झाले होते.

शेवटची भाकरी तव्यावर असताना बाहेरची घरघर थांबली.

ती धावली. नसीर गाडीतून उतरत होता, एक हात कमरेवर, दुसऱ्यात किल्ली. पडदा काळाठिक्कर.

"काय केलं तुमी?"

"कवापासून इंजिन तापतंय. उगं धूर नुसता."

"कागद दिसला न्हाई?"

"दिसला की."

"मग?"

"मला वाटलं, तुझं कायतरी असंल."

दिसला नाही म्हणाला असता तर तिने सोसलं असतं.

"माझं कायतरी!" तिचा आवाज असा चढला, की शेजारची धोंडाबाई बादली खाली ठेवून बघत राहिली. "तीन वर्सं या घरात चूल पेटती, ती बी माझं कायतरीच हाय, व्हय? वीस वर्सं तुमी गाडी चालवली, कदी मधी हात घातला मी? आणा ती किल्ली!"

तिने किल्ली हिसकावली, आत बसली आणि दारं लॉक केली. इंजिन सुरू झालं, पण पडदा काळाच. गेलं सगळं, असं तिला वाटलं. मग अक्षरं उमटली: नकाशा सापडला नाही. पुन्हा सुरू करायचं? तिने बोट दाबलं. शून्य टक्के.

नसीरने काचेवर टकटक केली. "सर्व्हिस सेंटरला नेऊ. मी बोलतो त्यांच्याशी."

तिने काच खाली घेतली नाही. कोमलला फोन लावला. "अर्धा तास उशीर व्हईल."

"कारण काय सांगू पाहुण्यांना?"

"खरं सांग. ड्रायव्हर गाडीचं काम करतीय."

तासभर ती पडद्यावरची नजर न हलवता बसली. शंभर झाले, नकाशा उघडला. जुना रस्ता बंगला-स्कीमच्या फाटकापाशी संपत होता, आणि त्याच्या अलीकडेच नवं वळण होतं. नसीर अजून उन्हात उभाच होता. एवढा वेळ उभं राहणं त्याला झेपत नाही, हे तिला दिसलं. तरी राग तसूभर उतरला नाही.

तिने गाडी मागे घेतली. सवयीने तो मागे जाऊन हात हलवू लागला, "येऊ दे, येऊ दे." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. आरशात बघत अंगणाबाहेर पडली.

पाहुणे बंगल्यावर नीट पोचले. अर्धी वाट तर ते झोपलेच होते.

शनिवारी जेवताना नसीरने हळूच विचारलं, "ते नकाशाचं कसं केलंस गं?"

तिने सांगितलं, एकदाच, भरभर. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा ती ताट घेऊन उठली.