तीनशे बारा चमचे

आत्याने मला आयुष्यात एकदाही डॉक्टर म्हटलं नाही. माझा स्वतःचा दवाखाना आहे, बाहेर पाटी आहे, पण तिच्या लेखी मी दात कोरणारी. माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाला, ती 'शिक्का' म्हणायची, कारण ते कचेरीत कागदांवर शिक्के मारत निवृत्त झाले. तिच्याइतकं नाकाने कांदे सोलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. लोक तिच्याविषयी मागे काय बोलतात ते तिला ठाऊक असायचं, आणि त्या बोलण्यातल्या व्याकरणाच्या चुकाही ती काढायची.

तिचं शिक्षण यंत्रांचं. वजनकाट्यांच्या कारखान्यात सहा वर्षं नोकरी केली आणि एक दिवस साहेबाला "काटा बरोबर आहे, तुम्हीच हलके आहात" असं तोंडावर सांगून घरी आली. त्यानंतर तिने जे काही केलं त्याला आमच्या घरात नाव नव्हतं. तिने पाय पडला की पुटपुटणाऱ्या पायऱ्या केल्या. दोन कोट केले. ते घालून दोन माणसं जवळ आली की ऊब यायची, लांब गेली की गार व्हायचे. आई एकदा म्हणाली, "पण वन्सं, याचा उपयोग काय?"

"तुझ्या कपाटातल्या त्या काचेच्या बदकाचा काय उपयोग आहे?" आत्या म्हणाली. आईने बदक जरा मागे सरकवलं.

तिचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे चमच्यांची खोली. छताला बारीक तारांनी तीनशे बारा चमचे टांगलेले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर जुन्या टेपरेकॉर्डरमधून काढलेली चिमुकली मोटर. तुम्ही आत शिरलात की सगळे चमचे वळून तुमच्याकडे बघायचे. तुम्ही चालाल तसे तेही वळत राहायचे. प्रत्येकात तुम्ही उलटे दिसायचे. दुसरा कोणी आला की निम्मे त्याच्याकडे. मी बारा वर्षांची असताना पहिल्यांदा आत गेले, तेव्हा हसावं की रडावं ते कळेना. एवढ्या जणांनी एकदम माझ्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

हे आत्याने एकटीने केलेलं नव्हतं. तिच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला एक मिस्त्री यायचा. एकदा दार उघडं होतं, आत चमचे एकमेकांत अडकून गुंता झालेला, आणि आत्या त्यांना शिव्या देत होती. मिस्त्री दारातूनच म्हणाला, "बाई, कुठे थांबायचं ते लिफ्टला शिकवावं लागतं. यांना कोणी शिकवलंय का?" पुढची दोन वर्षं तो काम सुटल्यावर रोज येत राहिला. चमच्यांचा मेंदू, म्हणजे सगळी वायरिंग आणि प्रोग्रॅम, त्याने केला. मग वर्तमानपत्रात आत्याची मोठी मुलाखत आली. फोटोत मागे उभा असलेला माणूस कोण, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "तो होय? लिफ्टवाला. बटणं जोडतो."

मिस्त्रीने ते वाचलं, खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. एकवीस वर्षं त्याने तोंड दाखवलं नाही.

"लिफ्टवाल्याला लिफ्टवाला म्हटलं तर एवढा राग?" आत्या म्हणायची. "मग काय, वैमानिक म्हणू?"

यंदा शहरातल्या कलासंग्रहालयाने 'यंत्र आणि कला' असं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. चमचे त्यांनी कधीच विकत घेतलेले, त्यांच्याच गोदामात पडून होते. संचालकांचा फोन आला; आवाज इतका गोड की फोनलाही मुंग्या लागाव्यात. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी आत्याला गाडीने तिथे घेऊन गेले. तिचे गुडघे आताशा साथ देत नाहीत.

खोलीला जमिनीपासून छतापर्यंत काच लावली होती. काचेच्या पलीकडे चमचे सावकाश डावीकडे वळले. दहा सेकंद थांबले. मग उजवीकडे वळले. आत्या उजवीकडून डावीकडे चालत गेली, हात वर केला, काचेवर टकटक केली. चमच्यांना पत्ताच नाही.

संचालक आले, मागोमाग त्यांचे चार सहायक.

"हे बघताहेत कोणाकडे?" आत्याने विचारलं.

"म्हणजे?"

"आत चिटपाखरू नाही. मग वळताहेत कोणाकडे?"

"ते ठरावीक वेळाने वळतात," संचालक म्हणाले. "जुनी यंत्रणा काही केल्या चालू होईना, म्हणून आमच्या माणसांनी घड्याळ लावून दिलंय. आणि काच सुरक्षेसाठी. लोक ओढाओढ करतात हो. पण तुमच्या कामाचा आत्मा आम्ही तसाच ठेवलाय. आणि खरं सांगू का?" ते हसले. "कोणाला कळणार आहे?"

मागचे चौघेही हसले.

"तुम्हाला माझे चमचे हवेतच कशाला?" आत्या म्हणाली. "घरचे चार आहेत की. साहेब डावीकडे, तर हे डावीकडे. मोटरसुद्धा लागत नाही."

चौघांतला एक जण वहीत काहीतरी टिपून घेत होता. तो अर्ध्यावर थांबला.

संचालकांचं हसू जागच्या जागी वाळलं. "ठीक आहे. जुनी यंत्रणा चालू करून दाखवा, मी काच काढतो. उद्या अकराला उद्घाटन आहे."

गाडीत बसून आत्याने पट्टा लावला. मग म्हणाली, "तो अजून आहे का?"

"कोण?"

"बटणंवाला."

मिस्त्री सापडायला अवघड गेला नाही. लिफ्ट दुरुस्तीचं त्याचं स्वतःचं दुकान होतं, तिथून पत्ता मिळाला. एका सात मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या उघड्या दाराशी तो पालथा पडून खाली काहीतरी आवळत होता. केस पांढरे झाले होते. आत्या तीन जिने चढून धापा टाकत होती.

त्याने मान वळवून एकदा बघितलं आणि परत पाना फिरवू लागला. "लिफ्ट बंद आहे, बाई. जिना तिकडे."

"मला वर जायचं नाही."

"मग?"

"तुझा तो प्रोग्रॅम कोणाच्या बापाला वाचता येत नाही. इतकं गचाळ लिहिलंयस."

"वाचता येऊ नये म्हणूनच तसा लिहिला."

"केव्हा?"

"तुमची मुलाखत छापून यायच्या महिनाभर आधी," मिस्त्री म्हणाला. "मी माणूस ओळखून होतो."

मी आत्याच्या तोंडाकडे बघितलं. आता ती फाडकन काहीतरी बोलणार असं मला वाटलं. पण ती जिन्याच्या कठड्याला टेकली. कोणीतरी तिला इतकं ओळखलं होतं, इतकं कमी लेखलं होतं, आणि तेही इतक्या आधीपासून. हे तिला नवीन होतं.

मिस्त्री उठून बसला, हात फडक्याला पुसले. "पाटीवर माझं नाव लावा. तुमच्याएवढ्याच अक्षरात."

"बटणं जोडणाऱ्याचं?"

"मग घड्याळावर चालू द्या. झकास चाललं असेल."

आत्या वळली आणि एकेक पायरी उतरू लागली. झालं, संपलं सगळं, असं म्हणून मीही निघाले. तेवढ्यात जिन्याच्या वळणावरून तिचा आवाज आला.

"आडनावातली वेलांटी पहिली की दुसरी?"

"दुसरी," मिस्त्री वरून म्हणाला.

"अशुद्ध आहे ते."

"दुसरीच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोघं संग्रहालयात हजर. मिस्त्रीने पेटी उघडली. आत दोन भाग जळलेले होते, आणि छतावरच्या सेन्सरच्या तारा संग्रहालयाच्या माणसांनी सरळ कापून टाकल्या होत्या. "कसाई," मिस्त्री म्हणाला. "खाटीक तरी नीट कापतो," आत्या म्हणाली. एकवीस वर्षांत त्यांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट असावी. पुढचे तीन तास ते प्रत्येक तारेवरून भांडले. साडेदहाला मिस्त्री खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला, आणि तीनशे बारा चमचे वळून त्याच्याकडे बघू लागले. तो एक पाऊल डावीकडे सरकला, मग एक उजवीकडे. आत्याने तोवर जाड पेनाने पाटीवर त्याचं नाव लिहिलं होतं. वेलांटी दुसरी.

काच निघाली. अकराला प्रमुख पाहुणे आले. बडे अधिकारी होते, खोलीत शिरले तेव्हा सगळे चमचे त्यांच्याकडे वळले आणि ते प्रसन्न झाले. मग ते माइकसमोर ताठ उभे राहून कागद वाचू लागले. आता त्या सेन्सरना हलणारं माणूसच कळतं. खांबासारखं उभं राहिलं की थोड्या वेळाने ते विसरून जातात. कोपऱ्यात एक सफाईवाली बाई काढलेल्या काचांवरचे बोटांचे डाग पुसत होती. एकेक करून सगळे चमचे पाहुण्यांकडे पाठ करून तिच्याकडे वळले. लोक खुदखुदले. आपला विनोद जमला असं वाटून पाहुण्यांनी तो पुन्हा वाचला.

"साहेबांकडे वळवा ना!" संचालक मिस्त्रीच्या कानात कुजबुजले. घामाघूम झाले होते.

"साहेबांना हलायला सांगा," मिस्त्री म्हणाला.

कार्यक्रम झाल्यावर आत्याने एकाच माणसाला मत विचारलं. "कसं वाटलं?" ती सफाईवालीला म्हणाली.

"तीनशे जण बघताहेत," ती बाई म्हणाली, "एक जण फडकं धरेल तर शपथ."

आत्या इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली.

आठ दिवसांनी काच परत लागली आणि घड्याळही. अधिकाऱ्यांची नाराजी पोचली होती म्हणे. पत्रात मात्र 'देखभालीच्या कारणास्तव' असं होतं. मी मुद्दाम जाऊन बघितलं. माणसं काचेसमोर उभी राहून फोटो काढत होती, मुलांना दाखवत होती, खूश होती. कोणाला काही कळलं नाही. संचालकांचा अंदाज बरोबर होता, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त किळस आली.

आत्या एकटी रिक्षाने गेली. पर्समधून ब्लेड काढलं आणि पाटीवरचं स्वतःचं नाव खरवडून काढलं. पहारेकऱ्याला वाटलं, बाई इथल्याच असतील. पाटीवर आता मिस्त्रीचं नाव तेवढं उरलं.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मी तिच्याकडेच होते. आवाज मलाही ऐकू येत होता.

"त्या घड्याळाच्या खेळण्याखाली एकटं माझं नाव? तू स्वतःला समजतेस कोण?"

आत्याने फोन कानापासून लांब धरला. "मला 'तू' म्हणाला," ती मला म्हणाली. मग फोनमध्ये, "ब्लेड माझ्याकडे आहे. घेऊन जा."

त्याने ते नेलं. आता पाटीवर संग्रहालयाने 'कलावंत : अज्ञात' असं छापून लावलंय.

तेव्हापासून आत्या सकाळी उठून मिस्त्रीच्या दुकानात जाते. तिथे मागच्या खोलीत दोघांनी एक बाक बनवायला घेतलाय. दोन माणसं बसली की तो हळूच त्यांना एकमेकांकडे सरकवतो, असं ऐकलंय. अजून चालत नाही. परवा मी गेले तेव्हा एका मोटरवरून बिनसलं होतं आणि बोलणं बंद होतं.

"त्याला सांग," आत्या मला म्हणाली, "स्क्रू उलटा बसवलाय."

"हिला सांग," मिस्त्री बाकाखालून म्हणाला, "इकडे येऊन बघ म्हणावं. तिथून सगळंच उलटं दिसतं."

आत्या गुडघ्यांवर हात टेकत, त्याला चार शिव्या घालत खाली बसली आणि बाकाखाली डोकं घातलं.