तुळशीपाशी पुरलेली तार

मित्रांनो, तुम्ही आमच्या वाडीतल्या देवळात शिराल तर खांबाशेजारच्या लाकडी पेटीत मी दिसेन. मी एक जुना अॅम्प्लिफायर आहे. गाणाऱ्याचा आवाज मोठा करणं हे माझं काम. पोटात काचेचे चार व्हॉल्व्ह आहेत, ते तापले की निरांजनासारखे लालसर उजळतात. कोणी कौतुकानं डोकावलं की मला आजही बरं वाटतं.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला, १९५३ साली. गावच्या मुंबईकर मंडळींनी मला विठ्ठलाच्या देवळासाठी घेतलं आणि आगबोटीनं मालवणला आणलं. बंदरावरून धामापूरच्या बाजूच्या या वाडीपर्यंत मी बैलगाडीत, गवताच्या गादीवर बसून आलो. तेव्हा इथं वीज नव्हती. मी मोटारीच्या बॅटरीवर चालायचो. अभंग रंगात यायचा आणि नेमकी बॅटरी उतरायची! सगळे हसायचे, टाळ तसेच चालू राहायचे.

बारा वर्षांनी वाडीत वीज आली. सावंतवाडीहून दत्ताराम मिस्त्री आला. त्यानं माझ्या पोटात नवा ट्रान्सफॉर्मर बसवला, विजेवर चालेल अशी सगळी जोडणी नव्यानं केली. शेवटी म्हणाला, "हेची एक तार जमनीत पुरूक व्हयी. नायतर मशीन घुमात. जमीन कायम ओली खंय रवता?"

देवळाची झाडलोट करणारी मथुराकाकी हळूच म्हणाली, "तुळशीकडे. रोज सकाळी मी तांब्यो घालतंय."

तार तुळशीच्या वृंदावनात पुरली. मी बोललो, आणि काय सांगू, स्वतःचाच आवाज मला नवा वाटला! इतका स्वच्छ! सगळ्यांत जास्त आनंद झाला तो भजन गाणाऱ्या लवूबुवांना. तापातून उठल्यापासून त्यांचा गळा बारीक झाला होता. गाणं तसंच गोड, पण पहिल्या रांगेपलीकडे जात नव्हतं. आता बाहेर पायरीवर बसलेल्या बायकांनाही ते ऐकू येऊ लागलं.

मग चैत्रातली एकादशी आली. बुवांनी तोंड उघडलं आणि माझ्या पोटातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज निघाला. घूंऽऽ! बुवांचा अभंग त्यात बुडून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दत्ताराम मंगळवारी आला. मी अगदी शहाण्यासारखा बोललो. तरी त्यानं एक भाग बदलला. रविवारी पुन्हा घूंऽऽ! तो बुधवारी आला, तेव्हा मी पुन्हा ठीक. मृदंग वाजवणारा बाबली म्हणाला, "मिस्त्रीक बघून मशीन भियाता!" 

दाजी देवळाचे कारभारी. ते वैतागले. "येत्या एकादशीक घुमला, तर हेका माळ्यार टाकूया. आदी नुसत्या गळ्यार भजन होय नाय होता?"

"होय होता," लवूबुवा म्हणाले. "पण तेव्हा माजो गळो होतो. हो माळ्यार गेलो तर मी भजन गावचंय नाय."

हे ऐकून मी मनात विठ्ठलाचा धावा केला. दुसरं माझ्या हातात काय होतं?

वैशाखातल्या एकादशीला दत्ताराम सकाळच्या गाडीनंच आला. दुपारी मी गुणगुणू लागलो, संध्याकाळी घुमू लागलो. त्यानं माझी पाठ उघडली, एकेक जोड तपासला. सगळं नीट होतं.

"आज एकादशी मां," बाबली म्हणाला, "हेचोव उपास आसतलो. भुकेन कण्हता!"

दत्तारामला हसू आलं नाही. काकीनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. तो अर्धं प्यायला आणि उरलेलं तुळशीत ओतायला गेला.

"अरे, थांब!" काकी कधी नव्हे ती मोठ्यानं बोलली. "आज तुळशीक पाणी घालूचा नाय रे. एकादशीक तिचो उपास आसता."

दत्ताराम तांब्या धरून तसाच उभा राहिला. "आणि आयतवारी?"

"आयतवारीव घालूचा नाय."

त्यानं वाकून वृंदावनातली माती चिमटीत घेतली. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती एका दिवसात पिठासारखी कोरडी झाली होती. तो मटकन पायरीवर बसला आणि पोट धरून हसू लागला. "काकी गो, उपास तुळशीचो आणि घसो सुकता हेचो!"

काकी घाबरली. "मगे? उपास मोडूचो?"

"नाय गो. तार हलवूया."

विहिरीजवळ, देवळात येणारे पाय धुतात तिथं त्यानं खड्डा खणला. ती जागा कोणत्याच तिथीला सुकत नाही. तार पुरून वर जांभ्याचा चिरा ठेवला. काकीनं पहिली कळशी ओतली, मग भजनी मंडळी एकेक करून पाय धुऊन आत आली. दत्तारामनं बटण दाबलं. मी श्वास रोखला.

घूं नाही. काही नाही. मग लवूबुवांचा बारीक, गोड आवाज उठला आणि थेट विहिरीपर्यंत गेला. दाजींनी टाळ हातात घेतले.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू कुरकुरली, तर तिला लगेच माळ्यावर टाकू नका. दोन घटका तिच्याजवळ बसा, कोणत्या दिवशी तिचं काय राहून जातं ते बघा. आणि माझं एवढं ऐका, आत येण्याआधी पाय धुवा. अजूनही कोणी घाईनं तसाच शिरला, तर आता म्हातारी झालेली मथुराकाकी त्याला दारातच हळू आवाजात सांगते, "बाळा, मागे जा. मशीन पाण्याक तानेला आसा."