तलावाखालची माणसं

पाणबुडे रिकाम्या हातांनी परतले. त्यांचा प्रमुख ताईकडे न बघताच म्हणाला, "तळ फार खोल आहे. उद्यापासून शोध बंद."

धाकट्या भावाकडे ताई पहिल्यांदाच परदेशात आली होती. त्यानेच हट्टाने तलाव दाखवायला आणलं. लाइफ जॅकेट घाल म्हटलं, तर हसला होता, "ताई, तुला पोहता येत नाही आणि सल्ले मात्र समुद्राएवढे." वारा सुटला, होडी कलंडली. जॅकेटवाली ताई तरंगली, पट्टीचा पोहणारा तो गेला.

कुणीतरी तलावात शोधायला न्यावं म्हणून भावजयीला ओढत तिने होडीवाल्यांचे उंबरठे झिजवले. पाया पडली. कुणी बधेना. शेवटी काठावरची एक म्हातारी होडीवाली वल्हं घेऊन उठली. ती इथल्या आदिवासींपैकी, या काठावर सगळ्यांच्या आधीपासून राहणाऱ्यांची लेक.

तलावाच्या मधोमध तिने वल्हं थांबवलं आणि बोलू लागली. भावजय ताईला मराठीत सांगत गेली, "खाली त्यांचं गाव आहे. धरण बांधताना सरकारने उठवलं. पुरलेली माणसं वर हलवू म्हणाले. थडग्यांचे दगड तेवढे हलवले, माणसं खालीच राहिली. तिची आईपण."

ताईने म्हातारीचं मनगट घट्ट धरलं. "विचार तिला, मग मागे उरलेली माणसं करतात काय? जगतात कशी?"

भावजयीने विचारलं. उत्तर ऐकून तिचा चेहरा पडला.

"सांग ना गं."

"म्हणते, आम्ही इथे येतो आणि त्यांना नावाने हाका मारतो. त्यांच्या भाषेत पाण्याखाली राहिलेल्या माणसाला 'गेला' म्हणत नाहीत. 'खाली राहतो' म्हणतात."

"त्याने बरं वाटतं?"

"नाही म्हणते."

म्हातारीने पाण्यावर वाकून, अंगणातून घरात हाक द्यावी तशी आईला हाक दिली. मग ताईकडे पाहिलं.

ताई ओणवली. भावाचं लाडकं नाव ओठांवर येईना. आलं ते भलतंच घेऊन आलं, "बाळ्या, चल बाबा, जेवण निवतंय."

भावजयीने पदर तोंडात कोंबला. ताई हाका मारत राहिली, घसा बसला तरी मारत राहिली. पाण्यावर साधा बुडबुडाही उठला नाही. म्हातारीने होडी वळवली नाही. वल्हं मांडीवर आडवं ठेवून ती बसून राहिली.