सही कोणी करायची

लांब दांड्याच्या टोकाला बसवलेली वाटी तपासनीस बाईंनी छतावरच्या, धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरवर टोपीसारखी चढवली आणि दांड्याचं बटण दाबलं. वाटीत धुराचा बारीक फवारा उडाला. जिन्यापाशी शिडीला टेकून उभ्या असलेल्या वायरमनने मान वर केली. डिटेक्टरचा लाल दिवा लुकलुकला आणि दुसऱ्याच क्षणी सगळ्या मजल्यावरचे हूटर कोकलायला लागले.

वृद्धाश्रमाच्या ताईंनी कानांवर हात ठेवले. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. आगीची जुनी यंत्रणा काढून नवी बसवली, पण तपासनिसाची सही होईपर्यंत रात्रभर कोणीतरी जागं राहून सगळ्या खोल्यांपुढून फेऱ्या मारल्या पाहिजेत, असा नियम होता. माणसं कमी, म्हणून त्यातल्या बऱ्याच फेऱ्या ताईच मारत होत्या.

आवाज थांबल्यावर त्यांनी विचारलं, की वायरमनला या इमारतीतली तार न् तार पाठ आहे, मग सही त्यांनाच का नाही करू देत? तपासनीस बाईंनी समजावून सांगितलं. सही करणाऱ्याने या कामाचं शिक्षण घेतलेलं हवं, परीक्षा दिलेली हवी, दुसऱ्याच्या हाताखाली काही वर्षं काढलेली हवीत आणि परवाना चालू हवा. एवढं सगळं असलं, तरी आपणच बसवलेल्या यंत्रणेवर त्याला सही करता येत नाही.

"आपण केलेली भाजी आपल्याला खारट लागत नाही, ताई," वायरमन म्हणाला आणि शिडी उचलून पुढच्या खोलीकडे निघाला.

तो बसवायचा आणि ती तपासायची, असं गेली कित्येक वर्षं चाललं होतं. पहिल्यांदा त्यांची गाठ पडली ती एका शाळेत. त्याने एक डिटेक्टर पंख्याच्या अगदी जवळ लावला होता. पंख्याच्या वाऱ्याने धूर तिथवर पोचणारच नाही, असं सांगून तिने त्याचं काम नापास केलं. इतर लोक अशा वेळी वाद घालत, वरच्या कोणाला फोन लावत. त्याने पंखा लावून, खाली उदबत्ती धरून धूर कुठे जातो ते पाहिलं, हसला आणि स्क्रू काढायला लागला. त्यानंतर ती येणार असली की तो शिडी घेऊन दारातच थांबलेला असे.

त्याची बायको जाऊन बराच काळ लोटला होता, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. तिने लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर घरी जायची घाई असायची, आई गेल्यावर तीही राहिली नाही. मागच्या महिन्यात एका वाचनालयाच्या पडवीत सामान आवरताना तो तिच्याकडे न बघता, हत्यारांच्या पिशवीत बघत म्हणाला होता, "मॅडम, संध्याकाळी घरात दोन माणसं असली की बरं असतं. माझ्याकडे एकच आहे. तुमच्याकडेही एकच." मग घाईघाईने पुढे म्हणाला, की लेकीशी बोललोय, तिला आनंदच आहे.

विचार करते, असं ती म्हणाली होती. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. आज सकाळपासूनही तो फक्त तारांबद्दलच बोलत होता.

आणि ती चुका शोधत होती. इतक्या बारकाईने तिने कुठलीच इमारत कधी तपासली नसेल. वीज बंद करून बॅटरीवर सगळं चालतं का पाहिलं. घट्ट बसलेले स्क्रू पुन्हा पिळून पाहिले. कपाटांमागे टॉर्च मारला, माळ्यावर चढली. एखादी चूक निघाली असती तर तिला हायसं वाटलं असतं. नापास करून घरी जाता आलं असतं, उत्तर आणखी काही दिवस लांबलं असतं. पण वायरमनने तिला तशी सोय ठेवली नव्हती.

शेवटची खोली माईंची होती. माई आश्रमातल्या सगळ्यांत थोरल्या. कानातलं यंत्र काढून, भिंतीकडे तोंड करून त्या पडल्या होत्या. तपासनीस बाईंनी दार लोटलं, आवाज मोजायचं मीटर उशीजवळ धरलं आणि वायरमनला हाक मारून हूटर वाजवायला सांगितलं. आकडा नियमात बसत होता. माई मात्र हलल्या नाहीत.

तिच्या कपाळावर आठी पडली. हे पास म्हणायचं कसं? तेवढ्यात भिंतीवर एक पांढरा दिवा लखलखायला लागला आणि माईंची उशी गुरगुरत थरथरली. माई उठून बसल्या, पायांनी चपला चाचपल्या आणि वैतागून म्हणाल्या, "आले, आले. जरा दम धरा की."

मग समोर तपासनीस बाई दिसल्यावर त्यांनी यंत्र कानात घातलं आणि बोलायला माणूस मिळाल्याच्या आनंदात सगळं सांगून टाकलं. आधी बसवलेला उशीखालचा पॅड इतका हलायचा, की त्यांची कवळी पेल्यातल्या पेल्यात वाजायची. दुसरा इतका हळू, की झोपाळ्यावर निजल्यासारखं वाटायचं. शेवटी वायरमन म्हणाला, मीच झोपून बघतो.

"कानात कापसाचे बोळे घातले आणि माझ्या कॉटवर आडवा झाला," माई म्हणाल्या. "बाई, खरंच घोरायला लागला हो. इतका दमला होता. मी पांघरूण घातलं. मग पॅड हलला तसा धडपडून उठला आणि मलाच विचारतो, आग कुठे लागली?"

"हे नकाशात नव्हतं," ती दारात आलेल्या वायरमनला म्हणाली.

"नव्हतं. नंतर घातलंय, ताईंना विचारून," तो म्हणाला. "माई यंत्र काढून झोपतात, हे नकाशा काढणाऱ्याला कुठून कळणार?" त्याचे कान लाल झाले होते.

तिने पॅडची जोडणी तपासली. नंतर माईंची उशी पूर्ववत ठेवली, तिच्यावरून हात फिरवून अभ्र्याची सुरकुती काढली आणि जरा वेळ तशीच उभी राहिली. माईंनी तिला बसायला सांगितलं, पण तिने मान हलवली. एक फोन करून येते म्हणाली आणि बाहेरच्या अंगणात गेली.

ती परतली तेव्हा खाली यंत्रणेच्या पॅनलपाशी ताई पेन घेऊन तयार होत्या.

"मला सही करता येणार नाही," ती म्हणाली.

ताई मटकन खुर्चीवर बसल्या. वायरमनने लगेच पान्याला हात घातला.

"कुठे राहिलंय, मॅडम? सांगा, आत्ता करतो."

"कुठेच राहिलेलं नाही. काम चोख आहे."

तिने ताईंना सांगितलं, की तिच्याच कचेरीतले दुसरे तपासनीस दुपारी येतायत. ते सगळं पहिल्यापासून तपासतील आणि पसंत पडलं तर सही करतील. आज रात्री बहुधा फेऱ्या माराव्या लागणार नाहीत. दुसऱ्यांदा हूटर ऐकावे लागतील, त्याबद्दल तिने माफीही मागितली.

"पण तुम्ही का नाही?" ताईंनी विचारलं. "परवाना आहे ना तुमच्याकडे?"

"परवाना आहे." ती पिशवीची चेन लावत होती, चेन मध्येच अडली. "यंत्रणा बसवणाऱ्याला सही करता येत नाही, हे सकाळी सांगितलंच. त्याच्या घरच्या माणसालाही करता येत नाही."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, वायरमनकडे पाहिलं. "यांच्या घरचं इथे कोण आहे?"

ती खाली मान घालून चेनशी झटापट करत राहिली. वायरमनने पाना पॅनलवर ठेवला, पुन्हा उचलला आणि कुठे ठेवावा हे न सुचल्यासारखा हातात धरून उभा राहिला. मग ताईंच्या दमलेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. मी चहाचं बघते, असं म्हणून त्या उठल्या आणि जाताना दार अलगद लोटून गेल्या.

पाना पिशवीत टाकून तो तिच्याकडे वळला.

"म्हणजे यापुढे माझं काम तुम्ही कधीच तपासणार नाही?"

"कधीच नाही."

त्याने शर्टाच्या बाहीने डोळे टिपले.

"तेवढं एक वाईट झालं," तो म्हणाला.

"पंखे घरातही असतील की," ती म्हणाली.