मावशींची लोकरी झूल

मी एक जुने तपासणी यंत्र आहे, मित्रांनो. उंचीने कुकरएवढे, रंगाने एके काळी पांढरे. गावच्या छोट्या दवाखान्यात, लसींच्या फ्रीजशेजारी माझे टेबल आहे. आईला एचआयव्ही असेल, तर तो बाळाला झाला आहे का, हे मी बाळाच्या टाचेतल्या रक्तावरून तासाभरात सांगते. मी येण्यापूर्वी रक्ताचे ठिपके जाड कागदावर वाळवून शहरात पाठवत. उत्तर यायला महिने लागत.

एकदा एक आई दीड महिन्याच्या मुलाला घेऊन आली. स्वतःच्या एचआयव्हीच्या गोळ्या ती एक दिवसही चुकवत नव्हती, तरी उत्तर आजच मिळेल ना, असे ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तिच्या थोरल्या मुलीच्या वेळी मी इथे नव्हते. शहरातून कागद आला, तेव्हा पाळणा रिकामा झाला होता.

सिस्टरांनी बाळाची टाच टोचली, रक्ताची डबी माझ्या पोटात सरकवली आणि त्या लसी टोचायला बाहेर गेल्या. साफसफाईच्या मावशींचा माझ्यावर भारी जीव. खिडकीतून धूळ येताना दिसली, तशी त्यांनी स्वतः विणलेली जाड लोकरी झूल माझ्यावर चढवली. माझ्या हवेच्या जाळ्या बंद झाल्या. पन्नासाव्या मिनिटाला मी तापून बंद पडले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"पुन्हा टोचावं लागेल," सिस्टर म्हणाल्या. "तुमची शेवटची गाडी चुकेल. उद्या येता का?"

आईने बाळाची दुसरी टाच पुढे केली. "गाडी जाऊ दे. उत्तर घेतल्याशिवाय मी हलत नाही."

मावशींनी झूल काखोटीला मारली आणि पुठ्ठ्याने मला वारा घालत बसल्या. मी निवले, तशी दुसरी डबी आत गेली. तासाभराने उत्तर आले.

"विषाणू नाही," सिस्टर म्हणाल्या. "तो अंगावरच्या दुधातूनही जाऊ शकतो, म्हणून दूध सुटेपर्यंत अधूनमधून तपासत राहू. पण आज बाळाला काही नाही."

आई खुर्चीत बसली आणि पोटभर रडली. मावशींनी तिला मुक्कामाला आपल्या घरी नेले. माझ्याही जिवात जीव आला.

त्या दिवशी तापल्यापासून माझे बटण दोनदा दाबावे लागते. मित्रांनो, यंत्रावर माया जरूर करा, पण आम्हाला श्वास घेऊ द्या. जाळ्या मोकळ्या ठेवा.

परवा तो मुलगा शेवटच्या तपासणीला दुडुदुडु चालत आला. उत्तर तेच आले: विषाणू नाही. त्याच्या डोक्यावर जाड लोकरी टोपी होती. ती लोकर मी लगेच ओळखली.