थोरल्याच्या नावानं

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या आमच्या केटा गावात माणूस गेलं की बातमी आधी छापखान्याला आणि मग पाद्र्याला कळते, असं आम्ही चेष्टेनं म्हणतो. चेष्टा कसली, खरंच आहे ते. अंत्यविधीला पुस्तिका लागतेच. गुळगुळीत कागद, वर मयताचा हसरा फोटो, आत जीवनचरित्र, मग मुलांची श्रद्धांजली, नातवंडांची, चर्चमधल्या बायकांची. पुस्तिका नसली तर माणूस बेवारशी गेलं असंच लोक धरून चालतात. पण गेलेल्याबद्दल चार धड वाक्यं लिहायला किती जणांना जमतं? म्हणून सगळे कफुईच्या दारात यायचे.

कफुई शाळेत शिकवायची आणि दुपारनंतर लोकांच्या आयांसाठी, नवऱ्यांसाठी, सासऱ्यांसाठी श्रद्धांजल्या लिहून द्यायची. खाली तिचं नाव कधीच नसायचं. मुलांची श्रद्धांजली वाचायचा मान थोरल्या मुलाचा, त्यामुळे ती लिहायची त्याच्याच तोंडची आणि छापायची त्याच्याच नावानं. यात आमच्याकडे कुणाला काही वावगं वाटत नाही. कफुईलाही वाटत नव्हतं.

मग तिची स्वतःची आई गेली. आब्ला तिचं नाव. किनाऱ्यावर भट्टी लावून मासळी धुरावायची. समुद्रानं तिचं घर तीनदा नेलं, तिन्ही वेळा ती चुलीचे दगड डोक्यावर घेऊन मागं सरकली आणि संध्याकाळच्या आत भट्टी पेटवली. शेवटची दोन वर्षं तिचे पाय सुजायचे. कफुई शाळेला निघण्याआधी ते मिठाच्या कोमट पाण्यात धरून धुवायची. थोरला भाऊ सेयराम दूर तेमा शहरात, बंदरात साहेब होता. दर रविवारी चर्च सुटलं की त्याचा फोन यायचा आणि कफुई फोन आईच्या कानाला लावून उभी राहायची. तो वाईट मुलगा होता असं नाही. दूर होता, एवढंच.

आईची श्रद्धांजली कफुईनं एका बैठकीत लिहिली. इतरांच्या आयांसाठी जे कधी सुचलं नव्हतं ते सगळं त्यात उतरलं. समुद्र आला, चूल आली, टाचांच्या भेगांत अडकलेली वाळू आली. आणि हाताला वळण पडलेलं, त्यामुळे तेही सवयीनंच उतरलं: 'आई, तुझ्या या मुलानं रोज सकाळी तुझे पाय धुतले.' कसला मुलगा नि कसलं काय! पण थोरला वाचणार म्हटल्यावर थोरल्याच्याच तोंडचं लिहायचं. सेयरामनं मांडवात उभं राहून ते वाचलं. भाड्यानं रडायला आलेल्या बायकासुद्धा खरंच रडल्या.

याला तीन वर्षं झाली. एके दिवशी शाळेत डबा खाताना एन्योनाम मोबाइल नाचवत आली. ही कफुईच्या शेजारच्या वर्गाची बाई, जिभेला हाड नसलेली.

"हे बघ. नैरोबीचं मासिक आहे. आफ्रिकेतल्या लोकांचं लिखाण मागवतंय. नवं चालेल, आधी छापलेलंही चालेल. तुझं आईवरचं पाठव."

"ते कुठं छापलंय? पुस्तिकेत."

"पुस्तिका म्हणजे छापणं नव्हे तर काय, केळी तळणं? माझ्या मावशीनं ती हॅम्बुर्गला नेली आणि तिथं लोकांना वाचून दाखवली. तुझं आयुष्य दुसऱ्यांची मढी सजवण्यात चाललंय, कफुई. एकदा तरी स्वतःच्या नावानं काहीतरी येऊ दे."

हे कफुईला लागलं, कारण ते तिच्याच मनातलं होतं. तिनं लेख पाठवला. आधी कुठं आलंय, या जागी तिनं खरं तेच लिहिलं: आईच्या अंत्यविधीची पुस्तिका, भावाच्या नावानं, प्रथेप्रमाणे. लेखन माझं.

उत्तर येईल असं तिला वाटलंच नव्हतं, पण आलं. लेख घ्यायचा ठरलाय, संपादक बाईंनी कळवलं होतं. पाय धुण्याचा भाग इथं सगळ्यांनी पुन्हा पुन्हा वाचला. अडचण एकच आहे. छापील प्रतीवर नाव तुमच्या भावाचं आहे, तेव्हा लेखन तुमचं असल्याचं त्यांच्याकडून एका ओळीत लिहून आणा. ते आलं की तुमच्या नावानं छापतो.

कफुईनं तो निरोप एन्योनामला दाखवला, मग मुतारीत जाऊन रडली, मग तोंड धुऊन वर्गावर गेली. एक ओळ तर हवी होती. भाऊ काय, हसत देईल. शनिवारी तिनं धुरावलेली मासळी बांधून घेतली आणि तेमाची गाडी पकडली.

सेयराम आता चर्चच्या पंचमंडळातला वडीलधारा झाला होता. दिवाणखान्यात आईचा मोठा फोटो आणि त्याखाली चौकटीत लावलेलं पुस्तिकेतलं ते पान. बहीण आल्याचा त्याला आनंद झाला, मासळीचा त्याहून झाला. अक्पले, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, नि भेंडीचं कालवण जेवून झालं तशी कफुईनं गोष्ट काढली. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं हात धुवायचं भांडं उगाच जवळ ओढलं आणि त्यात परत हात बुडवले.

"नैरोबीला छापणार? आपल्या आईबद्दल?"

"हो, एफो," थोरल्या भावाला म्हणतात तसं ती म्हणाली. "तुझी एक ओळ हवी. की हे कफुईनं लिहिलंय."

"लिहिलंस तूच. नाही कोण म्हणतंय?"

"मग झालं तर. दे लिहून."

त्यानं ओले हात पुसले. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याची फसफस ऐकू येत होती.

"मातृदिनाला आमचे पाद्री हे पान वाचून प्रवचन देतात," तो म्हणाला. "दर वर्षी. मला पुढं उभं करतात. आईचे पाय धुणारा मुलगा म्हणून. तरुण पोरं माझ्याकडे येतात, म्हणतात, तुमचं ऐकून गावी गेलो, आईला भेटलो. आता तू लिहिलंस असं मी लिहून दिलं, तर पुढचा प्रश्न काय येईल सांग."

कफुईला तो प्रश्न कळला. इतके दिवस तिच्या डोक्यात आला कसा नाही, याचंच तिला नवल वाटलं.

"पाय कोणी धुतले, एफो?"

"तू धुतलेस. मला काय माहीत नाही? पण ते तू मला दिलंस ना. मी मागितलं होतं का? तू हातात कागद दिलास, मी मांडवात उभा राहिलो आणि वाचता वाचता त्या ओळीशी आलो. समोर सगळं गाव रडतंय. तेव्हा थांबून सांगायचं होतं, की लोकहो, हा मी नव्हे?"

"तेव्हा नाही. आता सांग."

"आता उशीर झाला." त्यानं भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. "हसू नकोस, कफुई, पण मला आता ते आठवतं. पाणी किती कोमट होतं तेसुद्धा आठवतं. आई म्हणायची, गुदगुल्या होतात."

आई तसं म्हणायची. पण ते कफुईनं कुठंच लिहिलेलं नव्हतं. आईनंच कधीतरी फोनवर त्याला सांगितलं असणार. तिला वाटलं, भांडावं, ते चौकटीतलं पान खाली ओढावं. पण समोर बसलेला पन्नाशीचा माणूस खरंच रडत होता, आणि त्याला तो मुलगा बनवलं होतं तिनंच. स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या अक्षरात.

जाताना तो फाटकापर्यंत सोडायला आला. "छापू दे की. माझी ना नाही," तो म्हणाला. "पण आहे तसं. माझ्या नावानं."

सोमवारी एन्योनामनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी सेयरामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग म्हणाली, "घाल खड्ड्यात ते जुनं. मासिक नवंही घेतं. नवं लिही. मी आईचे पाय धुतले, असं सुरू कर."

कफुई बसली लिहायला. किती दिवस बसली. आईबद्दलचे जे शब्द तिच्यापाशी होते ते त्या पानात संपले होते. नवं म्हणून जे उमटायचं ते जुनंच असायचं, आणि ते आता भावाचं होतं. उद्या हे आलं तर पहिली बोंब केटातूनच उठणार की बहिणीनं भावाची श्रद्धांजली चोरली. आपल्याच आईचे पाय धुतल्याचा पुरावा द्यायचा तरी कुठून? पाय धुताना साक्षीदार कोण ठेवतं?

संपादक बाईंचा आठवण करून देणारा निरोप आला: अंक जुळत आलाय, तुमच्या भावाच्या त्या ओळीचं काय झालं?

कफुईनं कपाटातून पुस्तिका काढली. खाऱ्या हवेनं पानं फुगून एकमेकांना चिकटली होती. सोडवायला गेली तर आईच्या फोटोचा अर्धा गाल पलीकडच्या पानावर निघून गेला. गावात ज्यांच्याकडे प्रती आहेत त्यांचीही हीच गत असणार, आणि समुद्र तर आता याही घराच्या कुंपणाशी आला होता. अंकात आलं नाही तर आब्ला नावाची बाई होती, तिची चूल होती, हे कुठंच उरणार नव्हतं. आपलं नाव हवं की आई हवी, एवढंच ठरवायचं होतं. आणि असं ठरवायची वेळ यावी याची तिला चीड आली. तरी तिनं लिहिलं: माझी चूक झाली होती. लेखन भावाचं आहे. मी फक्त उतरवून घेतलं. त्याच्याच नावानं छापा, त्याचा नंबर खाली देते.

"दुसऱ्यांदा देऊन टाकलीस तू आई," एन्योनाम म्हणाली.

पंधरा दिवसांनी सेयरामचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "कफुई, मासिकवाल्यांनी माझ्याबद्दल तीन ओळी मागितल्यात. लेखकाची ओळख म्हणून. मला कुठं असलं सुचतंय? तूच लिही ना, तुला जमतं."

तिला जमायचंच. तिनं लिहिलं: 'सेयराम यांचा जन्म केटाचा. ते तेमा इथं राहतात. आईच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी तिची सेवा केली.' मग बराच वेळ थांबून तिनं आणखी एक ओळ जोडली: 'त्यांना एक बहीण आहे.'

सेयरामचा निरोप लगेच आला. छान झालंय, पाठवून दिलं. शेवटची तेवढी काढली, तीनच ओळी हव्या होत्या.